फरीदाबाद नावाचा आकडा
(हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



दिल्लीच्या दक्षिणेस, यमुना आणि अरवलीच्या टेकड्या यांच्यामध्ये फरीदाबाद हे नगर वसले आहे. जहांगीर बादशहाचा खजिनदार शेख फरीद याने 1607 साली ते वसविले असे मानले जाते. परंतु आजच्या फरीदाबादचा जन्म फाळणीनंतरचा. वायव्य सरहद्द प्रांतातून परागंदा होऊन आलेल्या कुटुंबांसाठी 1949 मध्ये डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. या निर्वासितांनी केवळ शिध्यावर दिवस न काढता आपल्या हातांनी घरे बांधली, रस्ते केले. पुढे तेथे ट्रॅक्टर आणि मोटारसायकली तयार होऊ लागल्या. कामाच्या शोधात देशभरातून माणसे आली, आणि त्यांत मराठी कुटुंबेही होती.

या श्रमिकांच्या नगराचे नाव उत्तर भारतात आणखी एका कारणासाठी रोज उच्चारले जाते. ‘गली’, ‘दिसावर’, ‘गाझियाबाद’ आणि ‘फरीदाबाद’ ही सट्ट्याच्या चार प्रसिद्ध आकड्यांची नावे आहेत. 00 ते 99 यांपैकी एक जोडी निवडायची, तिच्यावर पैसे लावायचे आणि निकालाची वाट पाहायची, एवढाच हा खेळ. पैसे घेणाऱ्याला तिकडे ‘खाईवाल’ म्हणतात. ‘फरीदाबाद’ लावणाऱ्यांपैकी कित्येकांनी फरीदाबाद पाहिलेलेही नसते. ज्या गावाने काही तरी घडवून स्वतःला उभे केले, त्याचे नाव जिथे काहीच घडत नाही अशा व्यवहाराला मिळावे, हे खटकण्याजोगे आहे.

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर पैजा लागत. ते भाव येणे थांबल्यावर आकडा काढण्याची दुसरी युक्ती शोधली गेली. 1962 मध्ये कल्याणजी भगत याने वरळीत मटका सुरू केला. पाठोपाठ 1964 मध्ये रतन खत्री याचा मटका आला. मडक्यातून चिठ्ठी काढण्याची पद्धत जाऊन पुढे पत्ते आले, तरी नाव मडक्याचेच राहिले. गिरणगावच्या चाळींत ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द इंग्रजी न येणाऱ्यांच्याही तोंडी बसले. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर सावकाराच्या माणसाबरोबर आकडा लिहिणाराही उभा असे. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आकडा मात्र बंद पडला नाही, आणि ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. त्याला यंत्र लागत नाही, कापूस लागत नाही, लागते ती फक्त दुसऱ्याची मजुरी.

आता थोडे गणित. जोडीच्या सट्ट्यात शंभर शक्यतांपैकी एक खरी ठरते, आणि जिंकणाऱ्याला साधारणपणे नव्वदपट रक्कम देण्याचा प्रघात आहे. रोज 100 रुपये याप्रमाणे शंभर दिवस खेळणारा 10,000 रुपये लावतो आणि सरासरीने 9,000 परत मिळवतो. तोटा दहा टक्क्यांचा. एवढ्यावर थांबले तर फार मोठा अनर्थ नाही, असे कोणासही वाटेल. आणि नेमकी हीच जागा फसवी आहे. खेळणारा ते 9,000 घरी नेत नाही, तो ते पुन्हा लावतो. मग 8,100 उरतात, मग 7,290. सातव्या फेरीअखेर मूळ रकमेचा निम्म्याहून कमी भाग हाती राहतो, बाविसाव्या फेरीअखेर एक दशांशाहूनही कमी. शिवाय ही झाली सरासरी. शंभर दिवस नेमाने एक आकडा लावणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे 37 जणांना एकदाही आकडा लागत नाही. शंभर दिवस न लागलेला आकडा एकशे एकाव्या दिवशी ‘यायलाच हवा’ असे ते मानतात; पण मागे काय निघाले याची आठवण चिठ्ठीला नसते.

इतके साधे गणित माणसाला कळत नाही म्हणून तो खेळतो, हे मात्र खरे नाही. आकडे लावणाऱ्यांत हिशेबनीस असतात, कारकून असतात, क्वचित गणित शिकवणारेही असतात. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत एक गोष्ट दाखवली: ठरावीक टोचींनंतर दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर पक्षी लवकरच टोचणे सोडतो, दाणा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर तो कितीतरी वेळ टोचत राहतो. जुगाराची सवय याच जातीची असते, हे स्किनर यांनी स्वतःच नोंदवले होते. त्यात ‘थोडक्यात हुकले’ या भावनेची भर पडते. 46 लावला आणि 47 आला, तर हिशेबाने ते 12 येण्याइतकेच हरणे आहे. पण खेळणारा त्याला हरणे समजत नाही, जवळ पोहोचणे समजतो. म्हणूनच अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये जुगाराचा विकार मद्य आणि मादक द्रव्यांच्या व्यसनांशेजारी नेऊन बसविला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून अंमलात आलेल्या रोगवर्गीकरणातही तो व्यसनजन्य विकारांतच आहे.

मद्यप्याच्या तोंडाला वास येतो, पाय अडखळतात. जुगाऱ्याचे तसे काहीच दिसत नाही. घरात पहिल्यांदा कमी होतो तो पैसा नव्हे, खरे बोलणे. पगार उशिरा झाला, ओव्हरटाइम मिळाला नाही, मित्राला अडचण होती, अशी छोटी कारणे प्रथम येतात. मग भविष्य निर्वाह निधीतून उचल, पतपेढीचे कर्ज, पत्नीच्या नकळत गहाण पडलेले दागिने. या काळात पैशाचा अर्थच बदलतो. पाचशे रुपये म्हणजे महिन्याचे पीठ किंवा मुलाची वह्या-पुस्तके, ही ओळख पुसली जाऊन पाचशे म्हणजे पाच आकडे, एवढेच उरते. नोकरीला कष्टाचे मोल असते हे तो विसरतो असे नाही. त्याला त्या मोलाची लाज वाटू लागते. जिंकल्याचे पेढे सर्वांना वाटले जातात आणि हरल्याचे कोणालाच सांगितले जात नाही, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना खेळ लाभाचाच वाटतो. ज्या मुलाला ‘जा, आज काय निघाले ते बघून ये’ म्हणून नाक्यावर धाडले जाते, ते मूल निकाल तर आणतेच, शिवाय वडिलांच्या चेहऱ्यावरून तो कसा वाचायचा तेही शिकते. अशा घरातील स्त्री एकीकडे संसार ओढते आणि दुसरीकडे देणेकऱ्यांना दारात उत्तरे देते. तिने कधी एक आकडाही लावलेला नसतो.

सभापर्वातील द्यूताकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. युधिष्ठिर अधर्मी नव्हता, अडाणीही नव्हता. पहिल्या डावात त्याने राज्य, भाऊ, स्वतः आणि अखेर द्रौपदी पणाला लावली, याची चर्चा नेहमी होते. त्याहून भयंकर गोष्ट पुढची आहे. द्रौपदीमुळे धृतराष्ट्राने सर्व काही परत दिले. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले. आणि वाटेतून बोलावणे येताच युधिष्ठिर पुन्हा जाऊन बसला. भरसभेत पत्नीची विटंबना पाहूनही जो उठला नाही, त्याला शकुनीच्या कपटाइतकेच आतल्या ओढीनेही बांधले होते. फरीदाबादजवळ तिलपत नावाचे गाव आहे. युद्ध टाळण्यासाठी पांडवांनी मागितलेल्या पाच गावांपैकी ते एक, अशी तिकडची लोकपरंपरा. फाशांवर राज्य उधळल्यानंतर पाच गावे मागण्याची वेळ येते, आणि तीही मिळत नाहीत.

कायद्याचे म्हणाल तर सार्वजनिक जुगाराविरुद्धचा कायदा 1867 चा आहे, मुंबई इलाख्याचा 1887 चा. जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच सांगितले. राज्यांचे वर्तन मात्र दुटप्पी राहिले: महाराष्ट्राने 1969 मध्ये स्वतःचीच लॉटरी सुरू केली, आणि लॉटरीतल्या एक अंकी बक्षिसांचा सुळसुळाट रोखण्यासाठी संसदेला 1998 चा कायदा करावा लागला. शासनाने तिकीट विकावे आणि पोलिसांनी आकडेवाल्यावर छापा घालावा, हे सामान्य माणसाला समजावून सांगणे कठीणच. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. बंदी आवश्यक होतीच. पण पूर्वी आकडा लावायला नाक्यापर्यंत चालत जावे लागे, कोणी पाहील ही भीती असे. आता नाका खिशात आहे, आणि रात्री पांघरुणाखाली कोणी पाहत नाही.

शाळेला यात एक काम सहज करता येण्याजोगे आहे. संभाव्यतेचा धडा शिकवताना डब्यात 00 ते 99 अशा शंभर चिठ्ठ्या घालाव्यात, प्रत्येक विद्यार्थ्याने एक आकडा मनाशी धरावा, आणि रोज एक चिठ्ठी काढून पुन्हा डब्यात टाकावी. पैसे अर्थातच नकोत. वहीत फक्त ‘लावले’ आणि ‘मिळाले’ असे दोन रकाने असावेत. सत्र संपेपर्यंत दुसरा रकाना कित्येकांचा कोराच राहील. घरात ज्यांच्याकडे अशी वही खऱ्या पैशांची आहे, त्यांच्यासाठी 14416 हा ‘टेली-मानस’ या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. तो ऑक्टोबर 2022 पासून दिवसरात्र चालू आहे, आणि त्यावर मराठीतही बोलण्याची सोय आहे.