जन्मजात अर्धमिटल्या पापण्या
(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पहिलीच्या वर्गात एखादे मूल हनुवटी उंचावून, भुवया ताणून फळ्याकडे पाहताना दिसते. त्याचे डोळे सदैव अर्धे मिटलेले असतात. कोणी त्याला झोपाळू म्हणतो, कोणी मंद, तर कोणी ताठ मानेचे म्हणून दटावतो. वस्तुतः ते मूल पापणीच्या आडून जग पाहण्याची धडपड करीत असते. असे दिसण्यामागे एक दुर्मिळ आनुवंशिक विकार असू शकतो. वैद्यकात त्यास ब्लेफॅरोफायमोसिस म्हणतात.

या विकारात गर्भावस्थेतच पापण्यांची वाढ अपुरी राहते. डोळ्यांची फट अरुंद असते. प्रौढ माणसात ती साधारण २५ ते ३० मिलिमीटर रुंद असावयाची, ती येथे २० ते २२ एवढीच भरते. वरची पापणी उचलणारा स्नायू दुर्बळ असतो. नाकालगत खालच्या पापणीतून त्वचेची घडी वर चढते आणि डोळ्यांचे आतले कोपरे एकमेकांपासून दूर दिसतात. बुद्धी मात्र बहुधा इतर मुलांसारखीच असते.

ग्रहणात आईने काही केले म्हणून मूल असे जन्मले, ही समजूत निराधार आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरील ‘फॉक्सएल२’ या जनुकातील दोष याचे कारण असल्याचे २००१ मध्ये सिद्ध झाले. आई किंवा वडील यांपैकी एकास विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. कित्येकदा निरोगी आईबापांच्या पोटीही हा दोष नव्याने उद्भवतो. यात दोष कोणाचाच नाही.

खरा धोका दृष्टीला आहे. पाहण्याची क्रिया मेंदू बालपणीच शिकतो. पापणीने बाहुली झाकली गेली, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. पुढे पापणी उचलली तरी गेलेली दृष्टी पूर्णपणे परत येईलच असे नाही. म्हणून नेत्रतपासणी तान्हेपणीच व्हावी. कोपऱ्यांची शस्त्रक्रिया सामान्यतः तीन ते पाच वर्षांच्या वयात आणि पापणी उचलण्याची त्यानंतर सुमारे वर्षाने करतात. बाहुली झाकली जात असेल, तर मात्र इतके थांबून चालत नाही. चष्मा, तसेच सबळ डोळ्यावर काही काळ पट्टी, हेही उपचाराचे भाग होत.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून सांगावयास हवी. या विकाराच्या एका प्रकारात स्त्रीच्या बीजकोशाचे कार्य चाळिशीपूर्वीच, कधी फार लवकर, थांबते. अशा मुलीस योग्य वयात स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला मिळाला पाहिजे. एरव्ही उद्या तिच्यावर वांझपणाचा शिक्का बसेल आणि खरे कारण कोणालाच कळणार नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करण्याची तरतूद आहे. पथक गावात येईल त्या दिवशी असे मूल गैरहजर राहणार नाही, हे शिक्षकांनी पाहावे. जिल्हा रुग्णालयापर्यंतच्या प्रवासाची अडचण असलेल्या कुटुंबाच्या पाठीशी पंचायत सदस्यांनी उभे राहावे. शस्त्रक्रिया शल्यचिकित्सक करतील. परंतु हनुवटी उंचावणाऱ्या मुलाकडे प्रथम लक्ष जावयाचे ते आपलेच. ते वेळीच जावो, एवढीच विनंती.