संगीतातील पदवी आणि रियाजाचे तास



संगीतातील पदव्युत्तर शिक्षण हा विषय व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्या पदरात टाकला, तेव्हा गावातल्या चार जाणत्यांना हसू आले असेल. यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत ज्याची उमर गेली, पदवी नावाची वस्तू ज्याच्या घरात नाही, तो गाण्याच्या एम. ए.वर काय बोलणार? गाण्याची बाजू आमच्याहून अधिक जाणणारी माणसे समोर बसली आहेत. ती त्यांनी सांभाळावी. आम्ही बोलणार आहोत ते वेळ आणि वेतन या दोन गोष्टींविषयी, आणि त्या मात्र आमच्या रोजच्या कामातल्या आहेत.

इचलकरंजीत हा विषय परका मुळीच नाही. या गावाचे नाव ज्यांनी मैफलीमैफलीतून हिंदुस्थानभर नेले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर जवळच्या चंदूरचे. त्यांच्या तरुणपणी ख्याल शिकायचा म्हणजे घर सोडायचे आणि ग्वाल्हेरची वाट धरायची. वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून त्यांनी विद्या मिळविली. त्या काळची रीत आपणांस ठाऊक आहे. शिष्याने गुरूच्या घरी पाणी भरावे, पडेल ते काम करावे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा तालीम मिळावी. आमच्या भाषेत सांगायचे तर शिष्य हा बिनपगारी उमेदवार, आणि उमेदवारीची मुदत कुठेच लिहिलेली नसे. त्यात प्रेम होते, निष्ठा होती, हे आम्ही नाकारीत नाही. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आली ती याच निष्ठेच्या खांद्यावरून. पण ज्याच्या कमाईकडे घरची चार तोंडे डोळे लावून बसली आहेत, त्याने या वाटेने जावे कसे?

या प्रश्नाला पहिले मोठे उत्तर दिले ते बुवांच्याच शिष्याने. मिरजेस बुवांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. राजाश्रय नाही, लोकांच्या देणग्या आणि तिकीट लावून केलेले जलसे, एवढेच भांडवल. वेळापत्रक, इयत्ता, परीक्षा, मुलींसाठी वर्ग. आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांच्या उपदेशक वर्गाची योजना. गरीब मुलाने नऊ वर्षे शिकण्याचा करार करावा आणि संस्थेने त्याला जेवणखाण, राहणे द्यावे. उमेदवारीची मुदत पहिल्यांदा कागदावर आली! पुढे मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली, पण तयार झालेले शिष्य लिलावात जाणारे नव्हते. पलुस्कर 1931 मध्ये वारले. त्याच वर्षी शिष्यांनी जे मंडळ स्थापिले, त्याच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा आजही गावोगावची मुले देत आहेत.

दुसरीकडे वकिलीची पदवी घेतलेले भातखंडे चिजा गोळा करीत हिंडले, दहा थाटांची व्यवस्था लावली, क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग सिद्ध केले. लखनौला 1926 मध्ये मॅरिस कॉलेज निघाले ते त्यांच्याच खटपटीने. पुढे काशी हिंदू विद्यापीठात 1950 मध्ये संगीत महाविद्यालय, 1956 मध्ये खैरागढचे स्वतंत्र विद्यापीठ, 1969 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग, 1987 मध्ये पुण्याचे ललित कला केंद्र, असा हा विस्तार झाला. आपल्या कोल्हापुरातही शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्राचा विभाग आहे.

मात्र एक गोष्ट या गौरवात विसरली जाते. हे दार घरंदाज मुलींसाठी उघडले, तेव्हा ज्या कलावंतिणींनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली होती, त्यांना या नव्या इभ्रतीच्या दुनियेत बहुधा बाहेरच उभे केले गेले. दार उघडणाऱ्यांचे उपकार मानताना हेही ध्यानात असावे.

आता एम. ए.कडे वळू. दोन वर्षे, चार सत्रे. प्रवेशाला पुष्कळ ठिकाणी पदवी कोणत्याही विषयाची चालते. परीक्षक समोर बसवून गाणे ऐकतात. मग ठरलेले राग, विलंबित आणि द्रुत ख्याल, मंचप्रदर्शन, शास्त्राचे लेखी पेपर, संशोधनाची ओळख. थोर गवई पदवीने होत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. खरे आहे. पण पदवी नसल्यामुळे कोणी थोर गवई झाला, हेही आमच्या पाहण्यात नाही. हे वाक्य बहुधा अशांच्या तोंडी असते ज्यांच्या घरी तंबोरा आहे, शिकवणीचे पैसे आहेत आणि सकाळ मोकळी आहे.

गेल्या वर्षी आमच्या कचेरीत एक माग कामगार आला. मुलगी बी. ए. झालेली, विशारद झालेली, आता गाण्यात एम. ए. करीन म्हणते. आई कांड्या भरते. त्याने विचारले, "साहेब, दोन वर्षं घालवून हिच्या हातात काय पडंल?" आम्ही त्याच्यापुढे कागद घेऊन हिशेब मांडला. रोज चार तास रियाज, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे दोन वर्षांत 2400 तास. तुझ्या बारा तासांच्या पाळीने मोजले तर 200 पाळ्या. ह्या 200 पाळ्या त्या पोरीला तुझ्या दोन खोल्यांत, शेजारी माग खडखडत असताना, स्वयंपाक आणि कांड्या सांभाळून मिळतील का? त्याने मान हलविली. मग पदवी म्हणजे तेच. विद्यापीठ तिला राग देईल, गुरू देईल, ते तर आहेच. पण कामगाराच्या मुलीला ते सर्वांत आधी वेळ देते. "शिकायला गेली आहे" या शब्दांनी जी सुटका मिळते, ती "गाणे म्हणत बसली आहे" या शब्दांनी कोणत्या घरात मिळते, सांगा! आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास आपले, ही मागणी आमच्या चळवळीने जगभर केली. त्या शेवटच्या आठ तासांत माणसाने करायचे काय, याचे एक उत्तर हे आहे.

पण त्याचा प्रश्न हातात काय पडेल असा होता, आणि तेथे गोड बोलून चालणार नाही. महाविद्यालयात कायम शिक्षक व्हायचे तर एम. ए.ला 55 टक्के, राखीव प्रवर्गाला 50, आणि नेट उत्तीर्ण किंवा पीएच. डी. आता ही नेट म्हणजे काय? तीन तासांत 150 प्रश्न, चार पर्यायांतून एक निवडायचा. गाणे शिकविण्यास तुम्ही पात्र आहात की नाही हे ठरविणारी ही परीक्षा उमेदवाराचा एक षड्जदेखील ऐकत नाही! सुताराची परीक्षा रंधा न धरू देता घेण्यासारखे हे आहे. अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत नामवंत गुरूंकडे शिकलेल्या, पदवीधर आणि आकाशवाणीची अ श्रेणी मिळविलेल्या कलावंताला दुसरी वाट ठेवली आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण अ श्रेणी मिळेपर्यंत त्याने खायचे काय?

खायचे ते तासिकेवर. घेतलेल्या तासांचे पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. आमच्याकडे मीटरवर मजुरी, तेथे तासिकेवर मजुरी. माग बंद तर मजुरी बंद, वर्ग बंद तर मानधन बंद. फरक इतकाच की मागवाल्याला कोणी "सर" म्हणत नाही. शाळांकडे पाहावे तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरांवर मुले असतील तर कलेसाठी निदेशक नेमावा, आणि तो अंशकालीन. म्हणजे कला शिकविणाऱ्याचे पोट अर्धवेळ आहे, असे संसदेनेच ठरवून टाकले. संगीत शिक्षकांनी संघटित व्हावे असे आम्ही म्हणतो तेव्हा काही मंडळी कानावर हात ठेवतात. कलावंताने संप करायचा काय? आम्ही विचारतो, पलुस्करांनी करार केला तेव्हा संगीत बाटले काय?

तेव्हा त्या बापाला आम्ही जा म्हटले, पण डोळे उघडे ठेवून. अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन विचारावे: मंजूर पदे किती, भरलेली किती? आठवड्यातून किती तास गुरूसमोर बसायला मिळते, आणि एका वेळी किती जणांनी? तबल्याची साथ रोज आहे की परीक्षेपुरती? केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, दरमहा 5000 रुपये, दोन वर्षे. तिला पदवी लागत नाही, किमान पाच वर्षांची तालीम लागते. या गावातल्या किती मुलांनी तिचा अर्ज पाहिला आहे? शिष्यवृत्तीचे अर्ज आमच्या कचेरीत ठेवलेले आहेत. ज्यांना हवे त्यांनी न्यावेत, भरून देण्यास माणूस बसतो.

मुलीला प्रवेश मिळाला. आठवड्याने तिचा निरोप आला, वसतिगृहात सकाळी सातच्या आत आवाज करण्यास मनाई आहे आणि सात वाजता न्याहारी असते. आम्ही व्यवस्थापकांना पत्र लिहिले की खर्ज पहाटेच लावावा लागतो, तरी एक रिकामी खोली, कोठीघर असले तरी चालेल, पाच ते सात मोकळी ठेवावी. उत्तर आले की हा विषय समितीपुढे ठेवला आहे. समितीची बैठक पुढच्या सोमवारी आहे, आणि आम्ही जाणार आहोत.