वावड्यावाचूनचे पडसे

पहाटेची गार हवा लागली, फोडणीचा धूर उठला किंवा अत्तराचा उग्र दर्प आला, की कित्येकांचे नाक वाहू लागते, नाही तर चोंदते. तपासणीत ना कशाचे वावडे आढळते, ना जंतूंचा संसर्ग. ही व्याधी जिवावर बेतत नाही, परंतु झोप हिरावून घेते.

त्रासलेला रोगी मग नाक चटकन मोकळे करणाऱ्या थेंबांकडे वळतो. झायलोमेटाझोलिनसारख्या औषधाने नाकातील रक्तवाहिन्या आकसतात; मात्र ते आठवड्याहून अधिक काळ घातल्यास नाक उलट अधिकच चोंदते आणि माणूस त्या बाटलीचा बांधील होतो.

स्टेरॉइडच्या फवाऱ्याची रीत निराळी. तो आतील अस्तराचा दाह हळूहळू उतरवतो. गुण यावयास कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. कॉक्रेन संस्थेने २०१९ साली ३४ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा अशा पडशात त्याचा लाभ निर्विवाद ठरला नाही. घोळणा फुटण्याचे प्रमाण मात्र वाढलेले दिसले.

म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, मान किंचित पुढे झुकवून, नळीचे तोंड मधल्या पडद्यापासून बाहेरच्या बाजूस वळवून फवारा मारावा. ठरल्या मुदतीत गुण न आल्यास तो पुढे चालू ठेवावा की नाही, हे त्यांनाच विचारावे.