प्रसूतीची पूर्वतयारी



घरात नवे मूल येणार असे कळले, की तयारीला उधाण येते. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली जातात, डिंक-खारकांची यादी होते, डोहाळजेवणाची हिरवी साडी निवडली जाते. परंतु जिला त्या दिवसाला सामोरे जावयाचे, तिच्या मनाची तयारी कोण करते? आज त्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

आरंभीच एक कबुली देते. मी शिक्षिका आहे. पुनरुत्पादनाचा धडा आला, की "हा घरी वाचा" असे सांगून मी कित्येक वर्षे पान उलटीत असे. काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी नववा महिना लागला असता मला भेटावयास आली. इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्यावर तिने खाली मान घालून विचारले, "बाई, मूल बाहेर यायला वाट आपोआप होते, की फाडावेच लागते?" पदवीधर मुलगी ती! या धास्तीने तिची झोप उडाली होती. मी मनोमन शरमले. ते पान मीच उलटले होते.

त्या दिवशी तिला जे सांगितले, तेच आपणांस सांगते. गर्भाशय हा बळकट स्नायू आहे. तो आकुंचन पावतो, तीच कळ. प्रत्येक कळेसरशी गर्भाशयाचे मुख थोडेथोडे उघडते. ते सुमारे 10 सेंटीमीटर उघडले, की बाळाला वाट मिळते. ऐन भरातली कळ साधारण मिनिटभर टिकते, मग ओसरते, आणि पुढची येईपर्यंत विश्रांती मिळते. पहिलटकरणीला यास बारा-पंधरा तासही लागू शकतात. एवढे आधी ठाऊक असले, तर वेळ लागतो म्हणून जीव घाबरा होत नाही.

ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी 1933 साली आपल्या ग्रंथात या घाबरण्याचाच विचार मांडला. भय वाटले, की अंग ताठते. अंग ताठले, की वेदना वाढते. वेदना वाढली, की भय दुणावते. फ्रान्सचे डॉ. लामाझ 1951 साली सोव्हिएत रशियात जाऊन श्वासाच्या आणि अंग सैल सोडण्याच्या शिक्षणाची पद्धत पाहून आले. आमच्या ख्रिस्ती घरांत वडीलधाऱ्या बायका म्हणत, या वेदना म्हणजे आदिमाता एवेचा वारसा, तो मुकाट्याने सोसावा. परंतु 8 जानेवारी 1956 रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांपुढील भाषणात स्पष्ट केले, की या वेदना हलक्या करण्यास धर्माची आडकाठी नाही. सोसणे हेच बाईचे भूषण, ही समजूत मात्र सर्वच धर्मांच्या घरांत घट्ट बसली आहे.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. रोज संध्याकाळी दहा मिनिटे डाव्या कुशीवर पडावे. नाकाने सावकाश श्वास घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा. सोडताना कपाळ, जबडा, खांदे, मांड्या क्रमाने सैल करावीत. सातव्या महिन्यापासून हा सराव ठेवला, तर कळ येताच अंगाला तो आठवतो. डॉक्टरांची मनाई नसेल तर रोज चालावे. कळा सुरू झाल्यावरही प्रारंभी पडून राहण्यापेक्षा हिंडणे-फिरणे हिताचे असते.

"कमी जेव, बाळ मोठे झाले तर अडशील," असा सल्ला आजही मिळतो. तो ऐकू नये. त्याने बाळ अशक्त होते आणि आईचे बळ सरते. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, दूध, चालत असल्यास अंडी-मासळी पोटभर खावी. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, निदान 180 दिवस घ्यावी. चहाबरोबर घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर चालेल. कॅल्शियमच्या गोळीची वेळ निराळी ठेवावी. रक्त कमी असलेल्या आईच्या जिवावर थोडा रक्तस्रावही बेतू शकतो.

तिसरी तयारी सोबतीची. माझ्या पहिल्या खेपेस एका प्रसूतिगृहात मी विव्हळले, तेव्हा मला दरडावून गप्प करण्यात आले. दुसऱ्या खेपेस थोरल्या जाऊबाई पाठीवरून हात फिरवीत बसल्या होत्या. कळा तशाच होत्या. पण मी एकटी नव्हते. 2016 साली भारत सरकारने सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला मुभा दिली आहे. जिच्याजवळ मन निवते, अशी एकजण आधीच ठरवून ठेवा आणि रुग्णालयात तसे विचारून घ्या.

तयारी केली म्हणजे सर्व सुरळीत होईलच, असे मात्र नाही. रक्त जाणे, अंगावरून पाणी जाणे, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता 108 क्रमांकावर गाडी बोलवावी. वेदनाशामक सुई घ्यावी लागली किंवा शस्त्रक्रिया झाली, तर त्यात कमीपणा कसला?

माझ्या त्या विद्यार्थिनीवर शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागली. लेकीला घेऊन ती भेटावयास आली, तेव्हा म्हणाली, "बाई, भीती वाटली, पण काय चालले आहे ते मला कळत होते." तेव्हापासून वर्गात तो धडा आला, की मी पान उलटीत नाही. आपणही आपल्या लेकीसुनांपुढे ते उलटू नका, एवढीच विनंती.