सामाईक यंत्रसमूह आणि रुग्णालयाच्या नोंदी
(विश्वस्त व देणगीदार यांच्या सभेतील भाषण)



जालन्यात २०१५ साली ड्राय पोर्टची पायाभरणी झाली, तेव्हापासून कंटेनर हा शब्द आपल्याला परका राहिलेला नाही. आत मोसंबी असो वा लोखंडी सळया, पेटीचे माप ठरलेले. क्रेनला मालाची चौकशी करावी लागत नाही. संगणकातही प्रयोगशाळेचा, औषधालयाचा, केसपेपरचा प्रोग्राम आपापल्या साहित्यासह एकेका पेटीत बंद करता येतो. पेटी कोणत्या यंत्रावर ठेवावी, बंद पडल्यास दुसरी केव्हा उभी करावी, हे पाहणारी प्रणाली म्हणजे कुबर्नेटिस. गूगलने ती २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

यंत्रे मात्र सामाईक असतात, आणि त्यांची वाटणी करणाऱ्या प्रणाली निराळ्या. बर्कले विद्यापीठात जन्मलेली मेसॉस मोकळी मेमरी देऊ करते. ती घ्यावी की नाही, हे वरची प्रणाली ठरविते. कुबर्नेटिस तिच्यावर चालविण्याचे प्रयत्न २०१५च्या सुमारास झाले. पुण्याच्या सी-डॅकने उभारलेल्या परम महासंगणकांवर स्लर्म ही प्रणाली कामांची रांग लावते. तेथील गणित रांगेत थांबू शकते. रुग्णालयाची नोंदणी खिडकी थांबू शकत नाही. शिवाय वाटणारे दोन झाले आणि एकाचा हिशेब दुसऱ्यास कळला नाही, तर तीच मेमरी दोघांना दिली जाते. आपल्यासारख्या संस्थेने दुसरा थर टाळून एकट्या कुबर्नेटिसवरच भिस्त ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रत्येक पेटीची किमान गरज आणि कमाल मर्यादा आधी लिहून द्यावी. मर्यादा नसेल, तर महिनाअखेरचा जमाखर्च रक्त तपासणीचे अहवाल अडवू शकतो! पेटी मोडल्यास नवी येते, परंतु आतली नोंद गेली की गेली. म्हणून नोंदी पेटीबाहेर, स्वतंत्र साठवणीत ठेवाव्या लागतात. देणगीदार विचारतात, आमचे यंत्र कोणत्या विभागाला? सामाईक समूहात यंत्रावर एका विभागाची पाटी लावणे योग्य नाही, हे त्यांना नम्रपणे सांगावे लागेल.

आता तीन यंत्रांपैकी एक बंद पडले आणि उरलेल्या दोहोंवर सर्व पेट्या मावेनाशा झाल्या, तर कोणती उतरवावी? प्रणाली प्राधान्यक्रम पाळते, तो ठरवीत नाही. तंत्रज्ञानेही तो ठरवू नये. अतिदक्षता विभाग, रक्तपेढी व प्रयोगशाळा यांच्या प्रमुखांनी तो लेखी द्यावा आणि विश्वस्त मंडळाने खरेदीच्या ठरावापूर्वी मंजूर करावा, अशी माझी विनंती आहे.