किल्ली आणि जबाबदारी



कचेरीत संगणकावर काम करणाऱ्यांना एक अनुभव ठाऊक असेल. पडद्यावर सूचना येते, ‘नवी सुधारणा बसवा.’ कारकून होकार देतो, तोच यंत्र प्रशासकाचा पासवर्ड मागते. तो त्याच्यापाशी नसतो. मग सूचना रोज येते आणि रोज बाजूला सारली जाते.

हा अधिकार त्यालाच का देऊ नये? साल्ट्झर आणि श्रोडर या संशोधकांनी १९७५ साली याचे उत्तर देऊन ठेवले आहे: कामाला लागेल तेवढाच अधिकार प्रत्येकाला असावा. कारकुनाच्या हाती सर्वाधिकार असले, की त्याने चुकून उघडलेल्या घातकी प्रोग्रामच्या हातीही ते जातात.

परंतु अधिकार काढून घेतला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. विंडोजमधील एका दोषावरची सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली. त्याच दोषाच्या वाटेने १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील २३६ ट्रस्टांपैकी किमान ८० ट्रस्टांना त्याची झळ पोहोचली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. औषध जवळजवळ दोन महिने तयार होते. पुष्कळ यंत्रांना ते पाजलेच गेले नव्हते.

मग मार्ग कोणता? प्रत्येक यंत्रात एक सेवा बसवावी. ती यंत्रणेच्याच अधिकाराने पडद्यामागे चालते, मध्यवर्ती सर्व्हरवर मंजूर झालेल्या सुधारणा आणते आणि बसवते. कारकुनाला पासवर्ड लागत नाही. प्रशासकाला टेबलाटेबलाशी हिंडावे लागत नाही.

मात्र एका हाताने सर्वत्र पोहोचता येते, तसे सर्वत्र बिघडवताही येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीची सदोष सुधारणा एकदम सगळीकडे गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. म्हणून आधी चार यंत्रांवर पाहावे, मग चाळीस, मग सर्व.

आपली खाती, आपले दाखले, आपले आजारपण आज या यंत्रांत आहे. तेव्हा आपल्या बँकेला, नगरपालिकेला, रुग्णालयाला आपण अवश्य विचारावे: ‘सुधारणा आल्यावर ती किती दिवसांत सर्व यंत्रांवर बसते, आणि ते पाहणारा माणूस कोण?’ ज्याने किल्ली आपल्याकडे घेतली, त्याला या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे.