टाळेबंदीतील विद्यार्थी : झोप आणि हालचाल
(भाषणाचा मजकूर)



24 मार्च 2020 रोजी देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली. महाविद्यालये त्याआधीच बंद झाली होती. मुंबई-पुण्यात शिकणारे सिंधुदुर्गातील अनेक विद्यार्थी टप्प्याटप्प्याने गावी परतले आणि कित्येकांनी विलगीकरणाचे दिवस गावच्या शाळेत काढले. त्या वेळी साथीपासून जीव वाचविणे हेच शासनाचे व समाजाचे पहिले कर्तव्य होते. परंतु त्याच काळात तरुणांच्या आयुष्यातील दोन गोष्टी नकळत विस्कटल्या : रात्रीची झोप आणि दिवसाची हालचाल.

झोपेची वेळ ठरविणारे घड्याळ मनुष्याच्या मेंदूत असते आणि सकाळचा सूर्यप्रकाश ते रोज लावीत असतो. या घड्याळाची पेशींतील यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना 2017 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मालवण, कुडाळ किंवा कणकवलीच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला पहाटे उठून थांब्यापर्यंत चालत जावे लागे, एस.टी. गाठावी लागे, सायंकाळी मैदानावर कबड्डीचा डाव रंगे. हा व्यायाम कोणी व्यायाम म्हणून मोजत नसे. टाळेबंदीत तो एका दिवसात थांबला. वर्ग, मैत्री आणि करमणूक ही सारी एका मोबाईलच्या पडद्यात आली आणि अंथरूण हेच अनेकांचे बाक झाले. रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर पडणारा प्रकाश झोपेची चाहूल देणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याची निर्मिती लांबवितो.

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या 139 विद्यार्थ्यांच्या पाहणीत या काळात कामाच्या दिवसांतील झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढल्याचे आढळले. मात्र झोपेची वेळ सुमारे 50 मिनिटे पुढे सरकली होती. अधिक वेळ झोपणे आणि चांगले झोपणे या भिन्न गोष्टी होत. 1989 पासून प्रचलित असलेली पिट्सबर्ग प्रश्नावली म्हणूनच केवळ तास मोजत नाही. झोप लागण्यास किती वेळ लागतो, मध्येच जाग येते काय, दिवसा ग्लानी वाटते काय, हेही विचारते. तीत 21 पैकी 5 हून अधिक गुण आल्यास झोप समाधानकारक नाही असे समजतात.

चिंतेचाही यात वाटा होता. अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही, याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडून 28 ऑगस्ट 2020 रोजी आला. तोपर्यंत अनेक महिने अनिश्चिततेत गेले. सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने भर पावसाळ्यात डोंगरावर झोपडी उभारून, तेथे मिळणाऱ्या संपर्काच्या आधारे शिक्षण चालू ठेवले. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले ते रास्तच. पण गावात संपर्काची सोय नसेल तर विद्यार्थ्याचा दिवस कसा कोलमडतो, हेही त्यातून दिसले. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनाऱ्यावरील वीज घालविली, तेव्हा तो आधारही तुटला.

याउलट, ज्या घरांतील मुले भातलावणीला शेतात उतरली किंवा रापण ओढण्यास हात देऊ लागली, त्यांच्या दिवसाला आकार राहिला. श्रमलेल्या अंगाला झोप आपोआप येते, हा गावचा जुना अनुभव शास्त्रही मान्य करते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला. दिवसाकाठी अर्धा तास झपझप चालल्याने त्याची पूर्तता होऊ शकते.

टाळेबंदी संपली, तरी त्या काळात जडलेली जागरणाची सवय आपोआप सुटत नाही. शिवाय वादळ, पूर वा साथ यांमुळे वर्ग पुन्हा बंद पडू शकतात. त्या वेळी शिक्षकांनी ऑनलाइन तास सकाळच्या ठरल्या वेळी घ्यावेत आणि रात्री उशिरा गृहपाठ मागवू नये. पंचायतीने मैदान नीट राखावे आणि संपर्क मिळणारी एखादी सार्वजनिक खोली विद्यार्थ्यांसाठी दिवसा खुली ठेवावी. पालकांनी रात्री मोबाईल अंथरुणापासून दूर ठेवण्याचा दंडक घालावा व तो प्रथम स्वतः पाळावा. या उपायांना मोठा निधी लागत नाही. लागते ते सातत्य. मुलगा उशिरा उठतो म्हणून त्याला आळशी ठरविण्यापूर्वी, रात्री त्याला झोप का लागत नाही, एवढे त्याला प्रत्येक घराने एकदा विचारावे.